शफीकचा अधू पाय

आमच्या लेकीचं, नेस्माचं, लग्न पक्कं करायला हाझेमकडची माणसं यायची होती आणि मी कादंबरी वाचत बसलो होतो. शफीक नावाचा चित्रकार, आमच्याच अलेक्झांड्रियाचा, पण लेखकाच्या डोक्यातून निघालेला. सातव्या प्रकरणात तो लेखकाला कॉफीखान्यात गाठतो. "तिसऱ्या प्रकरणात माझा डावा पाय अधू, सहाव्यात उजवा. एक काय ते ठरव की लेका!" मी एवढ्यांदा हसलो की इनायात सोनेरी खुर्च्यांवरच्या खोळी काढायच्या सोडून दारात आली.

"अहो, माणसं जिना चढतायत. ते पुस्तक ठेवा आणि टाय बांधा."

ठेवलं ते नेमकं पाहुण्यांच्या समोर. हाझेमला वडील नाहीत, त्यामुळे बोलायला काका वगीह; सगळे त्यांना मानाने 'बे' म्हणत. बसल्याबसल्या त्यांनी पुस्तक उचललं.

"शफीक! आमच्या घरचाच माणूस. माझ्या आईच्या हातची मासळी चाटूनपुसून खायचा. त्याचं एक चित्र आहे आमच्याकडे, ते पोरांच्या नव्या घरात लावू."

या शहरात कुणी नामांकित माणूस मेला की निम्म्या गावाने त्याला जेवू घातलेलं निघतं. पण हा तर जन्मलाही नव्हता!

"बे, असा माणूस झालाच नाही," मी म्हणालो. "पहिल्याच पानावर लिहिलंय."

"पहिलं पान कोण वाचतं?" बे हसले. मग हसायचे थांबले. "म्हणजे मी तुमच्या घरात बसून खोटं बोलतोय?"

ते उठून कोटाची बटणं लावू लागले. हाझेमने मान खाली घातली. लग्न पक्कं करताना तळवे पसरून म्हणायची प्रार्थना, फातिहा, झाल्यावर वाटायच्या सरबताचा ट्रे घेऊन नेस्मा दारातच थिजली. याच मुलासाठी तिने दोन बरी स्थळं परतवली होती.

"बाबा!" एवढंच म्हणाली. पुरेसं होतं.

पण माझीही जीभ. "मग सांगा, कोणता पाय अधू होता?"

"डावा," बे ताडकन म्हणाले. मग खरोखरच विचारात पडले. "थांबा... उजवा. खरं सांगू, फौझीसाहेब? कधी हा, कधी तो. आम्ही थट्टा करायचो त्याची."

खुद्द लेखकालाही इतकं अचूक सांगता आलं नसतं.

"तोच तो," मी म्हणालो. "बसा, बे. माझं शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलंय, म्हणून घोटाळा झाला."

बे बसले, पण वसुली केल्याशिवाय नाही. "आधी फातिहा शफीकसाठी. मग पोरांसाठी."

झालं. ज्याला आईच नव्हती त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी मी तळवे पसरले. ओठ हलवता हलवता ते राहिलेलं प्रकरण आठवलं. त्यात लेखक त्याला मारणार हे उघड होतं, तेही पाय न ठरवता. तळवे तोंडावरून फिरवताना मी डोळेही पुसून घेतले.

पोरांची फातिहा झाली, सरबत फिरलं. इनायात कानाशी लागली. "रडताय काय असे? पोरगी ट्रामने तीन थांब्यांवर तर जातेय."

"तिच्यासाठी कोण रडतंय!" मी म्हणालो.