जावईबापूंचं हिरवं शेत

दवाखान्यातल्या बसायच्या खोलीत एक लांबरुंद भिंत मोकळी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधं गावाकडचं शेत काढा. रंग चारच. पेशंटांची डोकी आधीच दुखत असतात."

पेंटरमामाला वाटलं, आलं एकदाचं नशिबात. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या भिंती एकरंगी पोतल्या, पण चित्र काढायला कुणी भिंत दिली नव्हती. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "तुमचे जावई शिकलेले चित्रकार ना?" झालं! अस्तराचा पहिला हात मामाच्या वाट्याला, त्यावरचं चित्र जावयाच्या.

भर उन्हाळ्यात जावईबापू गळ्यात मफलर घालून आले. पांढरा, पिवळा, निळा आणि गेरू, एवढेच डबे बघून त्यांनी नाक मुरडलं. निळ्यात पिवळा कालवून हिरवा केला. तो गडद दिसला म्हणून पांढरा ओतला, पुन्हा ओतला.

"जावईबापू, डिस्टेंपर वाळला की फिका पडतो. आधी पुठ्ठ्यावर लावून वाळू द्या."

"मामा, तुम्ही भिंती पोता. कलेचं मी बघतो."

कलेने तासाभरात शेत हिरवंगार केलं आणि कोपऱ्यात वीतभर सही ठोकली. शेताला ना बांध, ना नांगराची एक रेघ. सही मात्र भरघोस पिकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेत पीठ सांडल्यासारखं पांढरंफटक.

"बर्फ पडला की काय?" बाई म्हणाल्या.

"अस्तर कच्चं आहे," जावयाने बेधडक सांगितलं. "भिंतीने रंग खाल्ला."

मामाच्या कानशिलांत आग झाली. त्याच्या अस्तराला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. ओल्या फडक्याने त्याने शेतावर एक पट्टा ओढला. पट्टा हिरवागार झाला. बाईंनी दोन पेशंट तपासेपर्यंत वाळून पुन्हा पांढरा.

"भिंतीने खाल्लेला रंग पाण्याने परत येत नाही, बाई. हा पांढरा डब्यातूनच आलाय."

जावईबापू मफलर नीट करू लागले. बाईंनी ब्रश मामाच्या हातात दिला.

मामाने प्रत्येक रंग आधी पुठ्ठ्यावर वाळवून पाहिला. गेरूत निळा कालवून नांगरलेली माती काढली, एक बांध, एक वाकडं झाड. आभाळ म्हणून अस्तरच ठेवलं.

रविवारी जावईबापू बघायला आले. "मामा, माझी सही कुठंय?"

त्या कोपऱ्यात मामाने ऐसपैस उकिरडा काढला होता.

"खालीच आहे, जावईबापू. शेताला खत नको?"