ड्रिलमधलं कुंकू

दिगंबर सुताराचं ड्रिल मशीन कामावरूनच चोरीला गेलं होतं. सोमवारी स्वयंपाकघरातल्या कपाटांचं काम सुरू झालं नाही, तर घरमालक दुसरा सुतार बघणार होता. म्हणून सायबर कॅफेत बसून त्याने जुन्या सामानाच्या जाहिराती पाहिल्या आणि द्वारका चौकाजवळच्या एका फ्लॅटवर पोचला.

मशीन निम्म्या भावात मिळत होतं. प्लग लावताच ते झकास फिरलं.

"कुणाचं हो हे?" दिगंबरने विचारलं.

"माझंच. हौसेनं घेतलं, पण खोक्यातून काढलंसुद्धा नाही," विकणारा तरुण म्हणाला.

दिगंबरने मशीन उजेडाकडे धरलं. हवेच्या जाळीत कुंकू साचलं होतं, अक्षतेचा एक दाणाही अडकला होता. खोक्यातल्या मशीनची खंडेनवमीला पूजा कोण करतं?

"पूजा तुम्हीच केली का?"

"कसली पूजा? अहो काका, मशीन घ्यायला आलात की सोयरीक जमवायला?"

दिगंबरला हसू आलं नाही. आपल्या मशीनलाही त्याने असंच कुंकू लावलं होतं. हे त्याचं नव्हतं, पण त्याच्यासारख्याच कुणाचं तरी होतं. सोमवार डोळ्यांपुढे उभा राहिला. तरी त्याने मशीन टेबलावर ठेवलं आणि चपला घातल्या.

"संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय," तरुण मागून म्हणाला. "ते एवढ्या चौकशा नाही करायचं."

जिना उतरताना दिगंबरच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. त्याचं मशीनही असंच कुणीतरी काही न विचारता विकत घेतलं असणार.