माझ्या पाठीवरचं नाव

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दगड आहे. जुना म्हणजे तुमची पृथ्वी नीट गोलसुद्धा झाली नव्हती, तेव्हाचा. एका छोट्या ग्रहाच्या पोटात मी वितळलेला होतो. लाखो वर्षं सावकाश निवत गेलो. मग टक्कर झाली, ग्रह फुटला आणि मी अंतराळात एकटा भटकत राहिलो. शेवटी पेटत खाली आलो. ओल्या मातीत अंगठे दाबावेत, तसे हवेने वाटेत माझ्या अंगावर खळगे पाडले. माझं देखणं रूप ते हेच.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका ताईंना मी टेकडीवर सापडलो. मला चुंबक चिकटताच त्या हरखल्या. त्यांचा धाकटा भाऊ शिल्पकार होता. "आकाशातून पडलाय हा. तपासायला पाठवेपर्यंत तुझ्या खोलीत ठेव. पाणी लागू देऊ नकोस, गंजेल," असं त्यांनी त्याला बजावलं. त्याने मला जिवापाड जपलं. रोज तेलाचं फडकं फिरवायचा आणि म्हणायचा, "लेका, असा एक तरी खळगा माझ्या हातून उतरू दे!" मला तो आपला वाटू लागला. इथेच मी फसलो.

प्रदर्शन तोंडावर आलं आणि त्याचं एकही शिल्प पुरं होईना. मग मलाच आपलं शिल्प म्हणून मांडायचं ठरवून एके दिवशी त्याने मला उपडं पाडलं, पाठीवर कानस घासली आणि नाव कोरण्याआधी जागा उजळावी म्हणून अ‍ॅसिडचा बोळा फिरवला. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या चंदेरी रेघा उमटल्या. मी निवत असताना माझ्या पोटात वाढलेले स्फटिक होते ते! कुठल्याच माणसाला असं काही घडवता येत नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं, आता तरी हा खरं बोलेल. त्याने रेघांवर काळा रंग फासला आणि रंगावर स्वतःचं नाव खरडलं.

मला पहिलं बक्षीस मिळालं, म्हणजे त्याला. परीक्षक मात्र कसलेले होते. त्यांनी ताईंनाच गाठलं. "हे तुमच्या भावानेच घडवलंय ना हो?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. भाऊ पांढराफटक पडला होता.

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत."

भावावरचा राग मी गिळलाही असता. पण मी कोण आहे, हे जगात ताईंनीच तर ओळखलं होतं.

आता विकला जाऊन मी एका मोठ्या इमारतीच्या दारात उभा आहे, पाठ भिंतीकडे करून. माळी झाडांबरोबर मलाही पाणी घालतो. तेल कोणी लावत नाही. रंगाखाली गंज चढतो आहे आणि रेघा खातो आहे. मित्रांनो, दुसऱ्याचं काही आवडलं तर डोळे भरून बघा, पण त्यावर आपलं नाव घालू नका. आणि कधी या दारातून गेलात, तर माझ्या मागे डोकावा, तो काळा रंग खरवडा. पण रेघा पुसून जायच्या आत या.