कुडातल्या खुंट्या

आमच्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकसष्ट साली सायकल घेतली, पण ती ठेवायची कुठे याचा विचार केला नाही. आर्णीतली आमची एकच खोली. बाहेर ठेवली तर शेळ्या सीट चावायच्या, खाली ठेवली तर मी झोपू कुठे? चुलीवरच्या भिंतीला मी हात लावू देईना. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. उरला शेजारच्या मैनाबाईच्या आणि आमच्या मधला तुराट्यांचा, शेणामातीनं लिंपलेला कुड. त्यातल्या आडव्या लाकडावर टेकवून मास्तरांनी बाभळीच्या दोन खुंट्या ठोकल्या. एक पलीकडे वीतभर निघाली.

मैनाबाई काठी घेऊनच आली. एकटी बाई, कानानं जड, जिभेनं तिखट. तिचा मुलगा कामाला म्हणून गेला तो सात वर्षं परतला नव्हता. मास्तरांना ती नावानंच, भीमराज म्हणायची. मास्तर टोक कापून देतो म्हणाले. तिनं खुंटी ओढून पाहिली, राहू दे म्हणाली आणि तिच्यावर भाकरीचं शिंकं टांगलं. मांजराची कटकट मिटली.

संध्याकाळी इकडे सायकल चढली की तिकडे शिंकं हलायचं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

दोन वर्षांनी कुडाचं लिंपण सुटायला लागलं. म्हातारीच्या अंगावर भिंत येईल या धास्तीनं मी माझी चुलीवरची भिंत देऊन टाकली. सायकल तिकडे गेली. मोठं शहाणपण केलं असं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत गेल्यावर मैनाबाई दारात उभी. चेहरा पार उतरलेला.

"भीमराज काल आला नाही का वं?"

आले होते की, मी तिच्या कानाशी ओरडले आणि चुलीवरची नवी जागा दाखवली. ती कुडातल्या रिकाम्या खुंट्यांकडे पाहत राहिली.

"शिंकं हाललं नाही. मले वाटलं, हाही गेला. मी जेवलीच नाही."

रोज शिंकं हललं की मास्तर घरी आले असं समजून ती भाकरी काढायची. काल हललेलं अंधारात दिसलं नसेल म्हणून वाट पाहत उपाशीच बसून राहिली होती. मला लाज वाटली. तिला तिथेच बसवून गरम भाकरी आणि बेसन वाढलं.

संध्याकाळी मास्तरांकडून कुडाला दोन बल्ल्यांचा टेकू लावून घेतला आणि सायकल जुन्या खुंट्यांवर, जरा धक्का देऊनच, चढवायला सांगितली. मग ते जेवायला मागू लागले.

मी म्हटलं, थांबा, आधी पलीकडचं ताट वाजू द्या.