फुकटच्या गाडीतले पाहुणे

हॉटेलच्या मागच्या भिंतीला लागून एक गल्ली आहे, तिच्या शेवटच्या घरात मास्तर राहायचे. शाळेतले मास्तर नव्हेत, शिंपीकामातले. चाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले आणि चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना 'उद्या नक्की' सांगून चार दिवस फेऱ्या मारायला लावल्या. डोळे अधू झाले तसं दुकान दुसऱ्याला दिलं, मशीन तेवढं घरी आणलं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घरात बोलायचं तर त्या मशीनशीच, आणि तेही तेल घातल्याशिवाय तोंड उघडत नव्हतं.

गाडीचं प्रकरण सुरू झालं ते कोटापायी. एका दुपारी घर खायला उठलं म्हणून मास्तर हॉटेलच्या फाटकापाशी येऊन नुसते उभे राहिले. अंगात स्वतः शिवलेला काळा कोट. हॉटेलच्या पाहुण्यांना विमानतळावर फुकट नेणारी-आणणारी पांढरी गाडी नेमकी तिथे थांबली. ड्रायव्हरने कोट पाहिला, खाली उतरून दार उघडलं आणि म्हणाला, "या साहेब, बसा." आता सांगा, जन्मभर दुसऱ्यांचे हात बाहीत घालून देणाऱ्या माणसाला कोणी साहेब म्हटलं, तर त्याच्या तोंडून 'नाही' कसं निघेल? बसले. अकरा मिनिटांत विमानतळ. तिथे तासभर बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे बघितले. कोणाची बाही आखूड, कोणाची कॉलर मानेपासून सुटलेली. मग त्याच गाडीने परत.

पुढे ते रोजचंच झालं. जायला तीनची गाडी, यायला साडेचारची. ड्रायव्हर काही दूधखुळा नव्हता. बॅग नाही, खोली नाही आणि येतो मात्र रोज, असा पाहुणा कुठे असतो का? पण तो पक्का बडबड्या, त्यालाही ऐकणारं माणूस हवंच होतं. "असू दे हो, नाहीतरी गाडी रिकामीच धावते," म्हणाला, आणि त्या दिवसापासून मास्तरांना 'पाहुणे' म्हणू लागला.

त्यानेच एकदा विचारलं, "पाहुणे, तुम्हाला मूलबाळ?"

"एक मुलगी आहे," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या शहरात असते, मोठ्या हुद्द्यावर." इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण जीभ पुढे घसरली. "रोज संध्याकाळी आठला फोन करते. एक दिवस चुकत नाही."

मुलगी खरी होती, हुद्दाही खरा. फोन मात्र दोन महिन्यांतून एकदा यायचा. औषध घेता ना? घेतो. बरं, ठेवते. संपलं. आणि याला कारण खुद्द मास्तर. आई गेल्यावर पोरगी म्हणाली होती, घराला कुलूप लावा, माझ्याकडे चला. यात चिडण्यासारखं काय होतं? पण मास्तरांचा राग नाकावर. म्हणाले, "तू आलीस काय, न आलीस काय, मला काही फरक पडत नाही." पोरगीही त्यांचीच. तिने शब्द धरून ठेवला आणि येणं बंद केलं. फरक पडतो, हे सांगायचं मास्तर दर फोनला ठरवायचे, आणि दर वेळी औषधापाशीच घोडं अडायचं.

एका मंगळवारी साडेचारच्या गाडीत मास्तर नेहमीसारखे शेवटच्या सीटवर बसले होते. एक बाई चढली आणि मोबाइलमध्ये बघत बघतच दाराजवळच्या सीटवर बसली. राखाडी कोट, एक लहानशी बॅग. चेहरा काही दिसला नाही. पण ती पाठमोरी बसली आणि मास्तरांची नजर तिच्या खांद्यावर अडकली. कोटाचा डावा खांदा अर्धा इंच उतरत होता.

तो खांदा त्यांनी पोरगी सहा वर्षांची असल्यापासून मापला होता. तिच्या शाळेच्या प्रत्येक गणवेशात आतून कापडाची पातळ गादी घालून त्यांनी तो उजव्याच्या बरोबरीला आणला होता, आणि वर्गात कोणाला कधी पत्ता लागला नव्हता. तयार कोट विकणाऱ्याला त्याचं काय!

म्हणजे ती आली होती. न सांगता आली होती, आणि बापाच्या घराला पाठ लावून उभ्या असलेल्या हॉटेलात उतरणार होती. मास्तरांना राग यायला हवा होता. रडू आलं. हातात अकरा मिनिटं होती. उठायचं, तीन सीटा पुढे जायचं आणि 'बाळ' म्हणायचं, एवढंच तर काम. पण तसं केलं की ती पकडली जाणार, आणि तिच्याबरोबर आपणही. फुकटच्या गाडीतून हिंडणारा बाप तिने बघायचा? मास्तर खिळल्यासारखे बसून राहिले. गाडी पूल उतरली.

एवढ्यात ड्रायव्हरला कंठ फुटला. "मॅडम, पोचल्याचा फोन केलात का घरी?"

"करीन नंतर."

"नंतर म्हटलं की राहतंच बघा. ते मागे आमचे पाहुणे बसलेत ना, त्यांची मुलगी रोज आठच्या ठोक्याला फोन करते. एक दिवस चुकत नाही. काय हो पाहुणे, खरं ना?"

तिने मान वळवली. मास्तर तोवर वाकून बुटाची नाडी बांधायला लागले होते. वाढलेली दाढी आणि पांढरं डोकं, एवढंच तिला दिसलं असणार.

"नशीबवान आहेत," ती हळूच म्हणाली आणि पुन्हा पुढे बघू लागली.

हॉटेल आलं. ती बॅग घेऊन उतरली, काचेच्या दारातून आत गेली. मास्तरांचं नाडी बांधणं अजून चाललेलंच. अशा वेळी नाडी बांधणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मास्तर घरी जाईपर्यंत स्वतःला तेच म्हणत होते.

आठ वाजता ते स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे होते. समोर हॉटेलची मागची बाजू, चार मजले, काही खिडक्यांत दिवे. फोन वाजला. खरं तर पुढचा फोन यायला अजून पाच आठवडे होते.

"बाबा, मी. सहजच केला."

"बोल. कुठे आहेस?"

"घरीच."

भिंतीपलीकडे पांढरी गाडी मागे घेतली जात होती. मागे येताना ती टीं टीं वाजायची. मास्तरांच्या एका कानात ती खिडकीतून वाजली, दुसऱ्या कानात फोनमधून. त्यांनी हात लांब करून खिडकी आवाज न करता लावून घेतली, उगाच तिला आपल्या बाजूने ऐकू जायला नको.

"औषध घेता ना?"

"घेतो."

आता 'बरं, ठेवते' येणार होतं. पण ती थांबली. "आज एका माणसाबद्दल ऐकलं, बाबा. त्यांची मुलगी रोज आठला फोन करते म्हणे. म्हणून वाटलं, आपणही..."

"खोटं सांगतो तो," मास्तर म्हणाले.

"कोण?"

"तो माणूस. दोन-दोन महिने फोन येत नाही त्याला. आणि चूक मुलीची नाही, त्याचीच आहे. फरक पडत नाही म्हणाला होता. पडतो. रोज पडतो."

मास्तरांनी हात लांब करून खिडकी पुन्हा उघडली.

"तुझ्या त्या राखाडी कोटाचा डावा खांदा उतरतोय," ते म्हणाले. "घेऊन ये. मशीन आहे अजून."

मग तिने नाक ओढलं, लहानपणी ओढायची तसंच.

"किती वेळ लागेल?"

काम दहा मिनिटांचं होतं. उसवायचं, गादी घालायची, चार टाके मारायचे. उभ्या आयुष्यात मास्तरांनी गिऱ्हाइकाला कधी लागतो त्याहून जास्त वेळ सांगितला नव्हता.

"दोन-तीन तास तरी लागतील," मास्तर म्हणाले.