दोन सीटांची लाल गाडी

मी बोलतेय. अकोल्यात एका कॉलनीच्या टोकाला, पत्र्याच्या शेडखाली उभी राहून बोलतेय. आणि उभं राहण्याचा मला मनापासून कंटाळा आहे, हे आधीच सांगून टाकते. माझी बांधणीच तशी आहे. मी बुटकी, माझं नाक लांब, छप्पर कापडाचं आणि बसायला जागा दोघांनाच. मला घडवणाऱ्यांनी माझ्या पोटात इंजिन बसवताना एवढाच विचार केला होता, की ही पळाली पाहिजे. पुढे लोकांनी मला काय काय करायला लावलं, ते ऐका.

माझा जन्म विलायतेतला. बोटीने मुंबईला आले, मालगाडीने बडनेऱ्याला उतरले. अमरावतीच्या एका जिनिंगवाल्या शेठच्या मुलाने मला हौसेने मागवलं होतं. तो मला चिखलदऱ्याच्या घाटात न्यायचा. वळणावर माझी मागची चाकं किंचित सरकायची, तो हसायचा आणि मीही माझ्या परीने हसायचे. मग त्याचं लग्न झालं, मुलं झाली. दोन सीटांत संसार मावेना. घरात जीप आली आणि माझी रवानगी गोदामात झाली, सरकीच्या पोत्यांमागे.

तिथे किती वर्षं गेली ते मला विचारू नका. उंदरांनी माझ्या सीटा कुरतडल्या, टायर बसले. बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज मी ऐकायचे. ही तिसऱ्यात आहे, ही चौथ्यात गेली, हिचा क्लच गेलाय. बंद गाडीला दुसरं काय काम असतं!

पुढे एका लॉनवाल्याने मला उचललं. लॉन म्हणजे लग्नाचं मैदान. त्याने माझ्यावर रंगाचा पातळ हात फिरवला आणि मला कारंज्याशेजारी उभं केलं. लग्न ठरलेली पोरं-पोरी माझ्या बॉनेटवर बसून फोटो काढायची. नवरदेव काळा चष्मा लावून स्टेअरिंग धरायचा आणि वेगात चालल्यासारखा चेहरा करायचा. माझं इंजिन मात्र गंजून धरलेलं होतं. पळण्याची हौस ज्यांना सात जन्मात नव्हती, ते माझ्यात बसून पळण्याची सोंगं करत होते. मला त्या कारंज्यात जीव द्यावासा वाटे.

तिथेच देवमनने मला पाहिलं.

देवमन एस.टी.चा ड्रायव्हर, नुकताच निवृत्त झालेला. अकोला-दर्यापूर, अकोला-अचलपूर या रस्त्यांवर त्याने उभी नोकरी काढली होती. एकही अपघात नाही. त्याची मुलगी पायल अमरावतीला नोकरीला होती. तिच्या मैत्रिणीच्या लग्नाला तो आला होता. लोक पंगतीला बसले आणि हा माझं बॉनेट उघडून आत वाकला. डिपस्टिक काढली, वास घेतला, पुन्हा घातली. त्याची बायको भागीरथा शोधत आली.

"अवो, तिथी पोळ्या थंड्या होऊन राहिल्या. तुमी अथी काय करून राहिले?"

"इंजिन शाबूत आहे व हिचं," देवमन म्हणाला. "नुसतं धरलं आहे. कोनी लक्षच नाही देल्लं."

आपल्याबद्दल असं बोललेलं मी किती वर्षांनी ऐकत होते!

त्याने मला विकत घेतलं आणि पंधरवड्यात मी टेम्पोवर चढून अकोल्याला आले. घरात गदारोळ झाला. पायलने फोनवरून बापाला समजावून पाहिलं, भागीरथा फणफणली. "नातेवाईक आले तं त्याईले काय डिक्कीत बसवसान?" हा तिचा सवाल होता आणि तो अगदी रास्त होता. देवमनने ऐकून घेतलं आणि मला रंग दिला. कोणता, ते ओळखलंच असेल तुम्ही. एस.टी.चा लाल.

एका सकाळी मला पुसता पुसता त्याने स्वतःच सगळं सांगितलं. ड्रायव्हर लोक गाडीशी बोलतात, त्यात नवल नाही. त्याच्या डोळ्यांत काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, पण कडेचं हळूहळू मिटत चाललं होतं. डॉक्टरांनी औषध दिलं होतं आणि गेलेली नजर परत येत नाही, हेही सांगितलं होतं.

"आयुष्यभर बस चालवली," तो माझ्या काचेवर फडकं फिरवत म्हणाला. "बसले वेगाचं कुलूप असते. किती बी दाबा, पुढं जातच नाही. एक डाव, फक्त एक डाव, मले बिनाकुलपाची गाडी पळवाची आहे. अकोल्याहून अमरावती. डोये हायेत तोवर. म्हनून घाई आहे मले."

मला काय, माझी तर त्याच्याहून जास्त घाई होती.

देवीदास मिस्त्रीच्या हाती मला दिलं. हा मूळचा ट्रॅक्टरवाला. माझे दोन कार्बोरेटर पाहून पहिले काही दिवस नुसता डोकं खाजवत होता. मग त्याने रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं, डॉक्टर छाती तपासतो तसं. दोन्हीकडची हवा सारख्या आवाजात शिरेपर्यंत तो स्क्रू फिरवत बसला. आजकालच्या पेट्रोलने माझ्या जुन्या रबराच्या नळ्या फुगल्या, त्या बदलल्या. सामान परदेशातून मागवावं लागे. ते काम मात्र पायलने अंगावर घेतलं. शिव्या देत का होईना, मोबाईलवर ती माझे वायसर शोधायची.

एके दिवशी इंजिन सुरू झालं. सगळी गल्ली धुराने भरली. देवीदासने माझ्या बंपरला लिंबू-मिरची बांधली, देवमनने ती हसत हसत सोडली. "आपल्या घरी हे चालत नाही, देवीदास." भागीरथाने दारात उभं राहून त्रिसरण म्हटलं. तिचा राग निवळला होता. निदान मला तरी तसं वाटलं.

आता इथे एक चूक झाली, आणि ती आमच्या भागातच होऊ शकते.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. बोअर मारलं तर पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. भांडी पांढरी पडतात, तोट्या कुजतात. गोडं पाणी नळाला येतं तेव्हा येतं, म्हणून घरोघरी ते ड्रममध्ये जपून ठेवतात. भागीरथाच्या ड्रमला तर खुद्द पायलनेही न विचारता हात लावायची सोय नव्हती. देवीदासने देवमनला बजावलं होतं, की रेडिएटरमध्ये इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं औषधच घाला. पण रोज सकाळी डबा घेऊन गाडीला पाणी पाजायचं, ही देवमनची नोकरीभरची सवय. हिरव्या औषधावर त्याचा विश्वास बसेना. सकाळी उठायचं, बोअर सुरू करायचं आणि डबाभर पाणी माझ्या नरड्यात ओतायचं. किती मायेने ओतायचा! मला ते बोचायचं, पण मी सांगणार कशी?

उन्हाळा तापला. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू! एका पहाटे देवमनने मला अमरावतीच्या रस्त्याला घातलं. तो रस्ता आता असा झालाय, की पाहूनच चाकं शिवशिवतात. तिसरा गिअर पडला, चौथा पडला. माझ्या अंगातली सगळी वर्षं झडून गेली. आणि बोरगाव मंजू गाव मागे टाकतो न टाकतो तोच माझ्या नाकातून वाफ उसळली.

टेम्पोवर चढून मी परत आले. देवीदासने रेडिएटर खोलला आणि नळी उन्हात धरली. आत पांढरा थर जमला होता.

"काकाजी, हे मिठागर कोनं केलं?"

देवमनने हातातला डबा मागे लपवला, एवढं मी पाहिलं.

इंजिनाच्या हेडचं गॅस्केट गेलं होतं. सामान यायला महिने लागले. मी शेडमध्ये सुटी होऊन पडले, आणि त्या महिन्यांत देवमनच्या डोळ्यांची कड आणखी आत सरकली. मी ते बघत होते. माझ्याभोवती फिरताना त्याचा खांदा शेडच्या खांबाला लागायचा. कप ठेवायचा तर टेबलाच्या काठावर ठेवायचा. भागीरथा मुकाट्याने कप आत सरकवायची. तो चिडायचा, उठायचा, पुन्हा येऊन माझं बॉनेट उघडायचा. "आलं काय व सामान?" हाच फोन पायलला दिवसातून दोनदा. आम्ही दोघंही तेव्हा असे तडफडत होतो, की त्या घराला जरा स्वस्थता नव्हती.

इंजिन पुन्हा जुळलं त्या सकाळी देवमन सवयीने डबा घेऊन बोअरकडे वळला. भागीरथाने डबा त्याच्या हातातून काढून घेतला. आत गेली आणि आपल्या ड्रममधलं गोडं पाणी भरून आणलं. हिरवं औषध तिने त्यात स्वतः मिसळलं. "बाटलीवर लिहिलं आहे तसंच टाकलं," ती म्हणाली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती, लिहिलेलं वाचण्याची तिला सवय. मग ती माझ्या डाव्या सीटवर येऊन बसली. पहिल्यांदाच.

"तू कुठी चालली?" देवमनने विचारलं.

"अमरावतीले. पोरीच्या घरी. काहून, सीट दोन नाहीत काय?"

खरं तर तिला गाडी चालवता येत होती. अमरावतीला पायलच्या गाडीवर शिकून तिने लायसन्स काढलं होतं. पण ड्रायव्हरच्या घरात दुसऱ्या कुणी स्टेअरिंग धरायचं, हे देवमनला कधी रुचलं नाही. विषय निघाला की तो म्हणायचा, "फळ्यावर लिहिनं वेगळं, गाडी वेगळी."

कोवळं ऊन पडलं होतं. देवमनने मला रस्त्यावर सोडलं. यावेळी वाफ नाही, काही नाही. काटा चढत गेला. कापडी छप्पर मागे पडलं होतं, भागीरथाचा पदर फडफडत होता. देवमन खदाखदा हसत होता आणि ज्या वेगासाठी मला घडवलं, तो वेग मला अखेर सापडला होता. मी सुखी होते. हे सरळ सांगायला मला लाज नाही.

तेवढ्यात डाव्या कच्च्या रस्त्यावरून एक दूधवाला मोटारसायकल घेऊन वर चढला. मला तो दिसला, भागीरथाला दिसला. देवमनला दिसला नाही.

"अवो, थांबा!"

त्याने हाताने स्टेअरिंग ओढलं, पायाने ब्रेक दाबला. मी आडवी-तिडवी होत दूधवाल्याच्या इतकी जवळून गेले, की त्याच्या कॅना वाजलेल्या ऐकू आल्या. त्याने मागून ठेवणीतल्या शिव्या दिल्या आणि तो आपल्या वाटेने गेला. देवमनने मला कडेला घेतलं. बंद केलं. हात स्टेअरिंगवर तसेच होते.

"तू ओरडली नसती तं?"

"ओरडली ना पन."

"मले तो दिसलाच नाही, भागीरथा. एवढा मोठ्ठा मानूस, एवढ्या कॅना... दिसलाच नाही."

मला राग आला. इतक्या वर्षांनी पळायला मिळालं होतं, अमरावती अजून अर्धीही आली नव्हती. चल ना, पुढे रस्ता मोकळा आहे, असं मी म्हणत होते. गरम इंजिन टिकटिक करतं ना, ते मीच बोलत होते. पण ज्याच्या हातून जन्मात कुणाला ओरखडा गेला नाही, तो माणूस आपल्या हातांकडे बघत होता. तो उतरला. माझ्या नाकावर हात टेकत टेकत फिरून डाव्या बाजूला आला. किल्ली त्याने भागीरथापुढे धरली.

"सरक तिकडं. तू चालव."

ती सरकली. तिने साडी आवरली, आरसा नीट केला, सीट पुढे ओढली आणि डाव्या-उजव्या बाजूला तीन-तीनदा पाहून मला रस्त्यावर आणलं. मग जो वेग तिने धरला तो काही केल्या सोडला नाही. मालाचे ट्रक आम्हाला मागे टाकत गेले. संत्र्यांनी लादलेला टेम्पोसुद्धा गेला.

तेव्हापासून हे असंच चाललंय. रविवारी आम्ही तिघं निघतो. भागीरथा चालवते, देवमन तिच्या शेजारी बसतो. तो विचारतो आणि ती कडेचं सगळं सांगते, कुणाची तूर उभी आहे, कुठे धाबा नवा झालाय. माझी चाकं शिवशिवत राहतात, माझा जीव अजून रमत नाही. स्वभाव आहे, जाणार नाही.

मागच्या रविवारी देवमनने मान मागे टेकली, डोळे मिटले आणि विचारलं, "किती पडली स्पीड?"

भागीरथाने माझ्या काट्याकडे पाहिलं. पंचेचाळीस.

"नव्वद," ती म्हणाली.

जन्मभर इंजिनाच्या आवाजावर ज्याने गाडी हाकली, त्याला पंचेचाळीस आणि नव्वद यातला फरक कळत नाही, असं तुम्हाला वाटतं का? तो थोडा वेळ माझा आवाज ऐकत राहिला. मग त्याने दाराची कडी घट्ट धरली.

"बस व," तो म्हणाला. "याच्यावर नोको नेऊ. भेव लागते."

तर मंडळी, एखाद्या रविवारी अकोला-अमरावती रस्त्यावर एका बुटक्या लाल गाडीमागे तुम्ही अडकलात, तर हॉर्न वाजवू नका. बाजूने खुशाल निघून जा. फक्त जाता जाता काच खाली करून आमचा वेग ओरडून सांगू नका.