एकेचाळिसावा सुरय

सुरूच्या जंगलापलीकडे, समुद्राला लागून वाळूची एक पट्टी होती. तिच्यावर मोठ्या साहेबांचा फार दिवसांपासून डोळा होता. साहेबांना तिथे गाड्या लावायला जागा करायची होती. रेघा मारायचा पिवळा रंगसुद्धा येऊन पडला होता.

आडवा आला तो वनरक्षक. "साहेब, इथे पूर्वी सुरय अंडी घालायचे. पांढरा पक्षी, डोक्यावर काळी टोपी. पुन्हा येतील."

"महिनाअखेरीला मी स्वतः येतो," साहेब म्हणाले. "एक अंडं दाखव, पट्टी पक्ष्यांची. नाही दाखवलंस तर गाड्यांची."

आता सुरय हा पक्षी मोठा गोतावळेबाज. चार भाऊबंद बसलेले दिसल्याशिवाय तो कुठे बूड टेकत नाही. म्हणून लाकडाचे सुरय करून वाळूत मांडायचे, म्हणजे ते बघून खरे उतरतात. वनरक्षकाला हे माहीत होतं. त्याचे सासरे सुतार होते, हेही माहीत होतं. सासऱ्यांना काम सांगितलं की काय होतं, तेवढं मात्र तो विसरला.

सासऱ्यांनी चाळीस पक्षी असे केले की बघत राहावं. पंखांवर पिसन् पीस कोरलेलं, बुडाला स्वतःचा शिक्का. वाळूत त्यांनी ते स्वतः ठोकले. उंच मागे, बुटके पुढे, सगळ्यांची तोंडं जंगलातल्या वनरक्षकाच्या पहाऱ्याच्या मचाणाकडे. शाळेच्या ग्रुप फोटोला बसवतात तसे.

खरे सुरय आले, घिरट्या घातल्या, खाली बघितलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. दहा दिवस हेच चाललं. वनरक्षकाची भूक मेली.

मग एकदा बायको डबा घेऊन मचाणावर आली. सासरेही तिथेच बसले होते. तिचं लक्ष नवऱ्याकडे कमी आणि पक्ष्यांकडे जास्त.

"बाबा," ती म्हणाली, "वारा कुठून येतोय?"

"समुद्राकडून."

"आणि तुमचे पक्षी?"

"इकडे बघतायत. फोटोत तोंड नको दिसायला?"

"अहो, पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतो! यांच्या शेपटाखालून वारा शिरतोय. वरून बघणाऱ्याला वाटत असेल, चाळीसच्या चाळीस जणांना वेड लागलंय. अशा घरात कोण यायचं राहायला?"

सासऱ्यांनी बोट ओलं करून वाऱ्यात धरलं. मग म्हणाले, "मला आधीच तसं वाटत होतं."

"मग बोलला का नाहीत, बाबा?" जावई कळवळला.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

पण माणूस हाताचा पक्का. संध्याकाळपर्यंत त्यांनी प्रत्येक पक्षी एकेका लांब खिळ्यावर असा बसवला की वारा फिरेल तसा पक्षी फिरावा. लेकीच्या शिलाई मशीनचं तेल खिळ्यांना घातलं. आता वाऱ्याची झुळूक बदलली की चाळीस चोची एकदम वळायच्या, कवायतीत वळतात तशा.

तिसऱ्या दिवशी खरे सुरय उतरले. त्यातल्या एका नराने पुढच्या रांगेतली एक लाकडी सुरय पसंत केली आणि तिच्यासमोर मासा ठेवला. ती ढिम्म. त्याने दुसरा ठेवला. तिने वाऱ्याबरोबर मानच फिरवली. बिचाऱ्याने दोन दिवसांत माशांचा ढीग लावला. शेवटी तो ढीग बघून एक खरी मादी आली, सगळं फस्त केलं आणि तिथेच ठाण मांडून बसली.

निदान वनरक्षकाला तरी तसं वाटलं. कारण जवळ जायला मनाई, तशी साहेबांच्या सहीची पाटीच होती, आणि लांबून दुर्बिणीतून बघितलं तर सगळे सारखेच. बाकीचे खरे मासे धरायला गेले तेव्हा त्याने बसून राहिलेले मोजले. एकेचाळीस!

"बाबा, तुम्ही चाळीसच केलेत ना?"

"चाळीस... एखादा जास्तही झाला असेल. हात लागला की थांबतोय कुठे?"

"पुढच्या रांगेतला तो, तुमचा का खरा?"

सासऱ्यांनी दुर्बीण घेतली. "काय विचारता! ते काम माझंच. पाठीचा बाक बघा."

वनरक्षकाने दुर्बीण ओढून घेऊन पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

महिनाअखेर उजाडली. साहेब आले आणि थेट वाळूकडे निघाले.

"साहेब, आत जायला मनाई आहे," वनरक्षक आडवा झाला.

"त्या पाटीवर सही कुणाची आहे? माझीच ना? मग मला कसली मनाई?" साहेबांनी पहिला पक्षी उपटला, बुडावरचा शिक्का बघितला आणि खो खो हसले. "लाकूड!" दुसरा उपटला. "हेही लाकूड! मला येडं समजलास का रे?"

तेवढ्यात वारा फिरला. उरलेल्या सगळ्या चोची गर्रकन साहेबांकडे वळल्या. साहेब दचकून दोन पावलं मागे सरले आणि रागारागाने हाताला आला तो तिसरा पक्षी धरला.

तिसऱ्याने साहेबांना धरलं. आधी अंगठा, मग कान. तो किंचाळत वर उडाला, त्याचा जोडीदार धावून आला, आणि दोघांनी मिळून साहेबांच्या टोपीवर असा काही नेम साधला की टोपी पांढरी झाली. साहेबांनी पळायला पाय उचलला.

"हलू नका साहेब!" वनरक्षक ओरडला. "अंडं! तुमच्या पायाखाली!"

खरंच होतं. वाळूच्या रंगाचं, वर ठिपके. बूट आणि अंड्यामध्ये चार बोटांचं अंतर. साहेब बगळ्यासारखे एका पायावर उभे.

"काढ मला इथून!"

"काढतो. तेवढी सही केलीत तर." वनरक्षकाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर लिहिलं होतं: अंडं दिसलं, पट्टी पक्ष्यांची.

साहेबांनी एका पायावर सही केली. जरा वाकडी आली, पण आली. मग वनरक्षकाने त्यांना मागच्या मागे उचलून बाहेर आणलं.

त्या पिवळ्या रंगाने बायकोने दुसऱ्याच दिवशी नवीन पाटी रंगवली: 'आत जायला मनाई. साहेबांनासुद्धा.' वनरक्षक दोन वेळचं जेवण एका बैठकीत जेवला.

सासरे मात्र मचाणावर दुर्बीण लावून बसले होते. पुढच्या रांगेत ती सुरय पुन्हा अंड्यावर येऊन बसली होती.

"म्हणजे ते माझं काम नव्हतं तर," ते शेवटी म्हणाले. "तरीच चोच जरा वाकडी वाटत होती."